डब्यातली टुलिप

सिवाल बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर फुटला त्या दुपारी लुडविना चुलीपुढे टुलिप खुडत बसली होती. टुलिप म्हणजे फूल नव्हे. त्या किनाऱ्यावर टुलिप म्हणतात ते एक झाड. त्याची पानं जोडीजोडीनं फुटतात, म्हणून लोक त्याला तिकडच्या बोलीत टू लीप म्हणतात, म्हणजे ‘दोन पानं’. कोवळी पानं खुडायची, फाडायची आणि नारळाच्या दुधात शिजवून सागूच्या लापशीबरोबर खायची. लुडविनाच्या अंगणात अशी चार झाडं होती, सासूनं बियांपासून वाढवलेली. पान रुंद, पातळ आणि इतकं मऊ की शिजायला वेळच लागायचा नाही. बेटावर कुणाकडे बाळंतीण असली की पानं मागायला लुडविनाकडेच माणूस यायचं, आणि ती कधी कुणाला रिकाम्या हातानं पाठवायची नाही. तोंडानं मात्र चार शब्द ऐकवायची.

डोंगर फुटला आणि सगळं तिथंच राहिलं. सरकारी जहाज आलं, माणसं चढली आणि समोरच्या मोठ्या भूमीवर, अरेम गावच्या एका जुन्या नारळबागेत उतरली. काही महिन्यांची गोष्ट आहे, असं सांगितलं होतं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तंबू फाटले, त्यांच्या जागी बांबूच्या झोपड्या उभ्या राहिल्या, मुलं मोठी झाली. लुडविनाची मुलगी क्लारा लग्न करून लाए शहरात गेली. लुडविना आणि तिचा नवरा ओटमार, दोघंच राहिले.

बाग अरेमच्या लोकांची होती. बेटावरचे लोक उतरले त्या पहिल्याच दिवशी अरेमच्या घराण्यातला मोठा माणूस, बोनिफास, सगळ्यांसमोर उभा राहून बोलला होता. “तुमच्यावर आभाळ कोसळलंय. आम्ही तुम्हाला हाकलणार नाही. रताळी लावा, अळू लावा, केळी लावा, हवी ती पालेभाजी लावा. पण झाड लावू नका. नारळ नाही, सुपारी नाही, आंबा नाही, टुलिप नाही. झाड ज्यानं लावलं त्याचं, हे तुमच्याकडे तसंच आमच्याकडेही. आज झाड तुमचं, उद्या झाडाखालची जमीन तुमची. एवढं सांभाळा, म्हणजे आपलं जमेल.”

सगळ्यांना ते पटलं होतं. तरी दोन वर्षांनी बेटावरच्या एका तरुणानं झोपडीमागे सुपारीची रोपं लावली. अरेमच्या पोरांनी ती उपटली. त्यावरून बाचाबाची झाली, दगड आले, आणि शेवटी दोन झोपड्या जळाल्या. बोनिफासनं मध्ये पडून भांडण मिटवलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस ओढ्यावर पाण्याला जाताना बाया एकेकट्या जात नसत.

लुडविनाला टुलिप खायची तर ती अरेमच्या बाजारातून आणावी लागे. बाजार म्हणजे रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाखाली बसलेल्या पंधरा-वीस बाया. त्यांच्यातली तेरेस ही बोनिफासची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी येऊन राहिली होती आणि आई लवकर गेल्यामुळे बोनिफासला तिनंच वाढवलं होतं. लुडविना तिला ओटमारनं धरलेले मासे द्यायची आणि तेरेस तिला टुलिपच्या जुड्या.

“तुमच्याकडची टुलिप फार जाड हो, तेरेसताई,” लुडविना दर वेळी म्हणायची. “डुकराला घातली तर तेही चावून चावून दमेल.”

“मग डुकरालाच घाल,” तेरेस म्हणायची, “आणि डुक्कर मला आणून दे. माझ्या तोंडात एक दात नाही, तरी मी खाते ती. तुझं तोंड तर मगरीसारखं भरलेलं आहे.”

असं बोलत बोलत ती जुडीवर आणखी दोन-चार फांद्या ठेवायची. ते दोघींपैकी कुणी बोलून दाखवत नसे.

एका वर्षी डोंगर बराच शांत झाला. बेटावरचे काही पुरुष फायबरच्या होडीतून सिवालला जाऊन यायचं म्हणू लागले. सुके नारळ मिळाले तर आणू, घरांची काय गत आहे ते बघू. ओटमारही निघाला. तो कमी बोलणारा माणूस. मासे पकडायला जावं तसा तो गेला आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी परत आला. खांद्यावर नारळाचं ओझं आणि गळ्यात दोऱ्याची झोळी. झोळी त्यानं लुडविनापुढे टेकवली. आत टुलिपची पिकलेली फळं होती, लालभडक, सुपारीपेक्षा जरा लहान.

“पानं नाही आणलीस?”

“पानांचा होडीत चोथा झाला असता. फळं आणली. भाज आणि खा.”

लुडविनानं एक फळ हातात घेतलं. “कुठल्या झाडाची?”

“अंगणातल्या. तीन मेली. चुलीजवळचं उभं आहे. एका अंगानं काळं पडलंय, दुसऱ्या अंगाला फळ.”

“आणि घर?”

ओटमारनं चुन्याची डबी काढली, सुपारी फोडली, सावकाश तोंडात टाकली. “राखेतून छपराचं टोक दिसतं,” तो म्हणाला.

लुडविना चुलीकडे वळली. तिनं चूल पेटवली आणि फळं सोलायला घेतली. लाल साल काढायची, आतल्या बिया निखाऱ्यावर भाजायच्या, कवच फोडून पांढरा गर खायचा. दोघांनी पुष्कळ खाल्ल्या. मग ओटमारच्या लक्षात आलं की तिच्या उजव्या हाताशी बियांचा दुसरा ढीग आहे आणि तो काही निखाऱ्याकडे सरकत नाही.

“त्या का नाही टाकल्यास?”

“पोट भरलं.”

“तुझं?” ओटमार म्हणाला. एवढंच.

सकाळी तो उठला तेव्हा लुडविना झोपडीमागे केळींच्या सावलीत बसली होती. पुढ्यात तळाला चीर गेलेलं जुनं पातेलं, त्यात ओढ्याची ओली वाळू. एकेक बी ती दगडावर जरा घासत होती, कवच थोडं पातळ होईल इतकीच, आणि वाळूत आडवी ठेवत होती.

“क्लाराचे आई,” ओटमार म्हणाला, “झाड लावायचं नाही म्हणून ठरलंय.”

“लावतेय कुठे? वाळूत ठेवतेय.”

“वाळूत ठेवतेय म्हणजे काय करतेयस?”

“ठेवतेय.”

तो खाली बसला. “जळालेल्या झोपड्या आठवतात ना?”

“आठवतात. म्हणून तर पातेल्यात ठेवतेय. जमिनीला लागलं का काही? दाखव.”

ओटमारनं पातेल्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि जाळं घेऊन समुद्रावर निघून गेला.

टुलिपचं बी फार हट्टी. मक्यासारखं आठवड्यात डोकं वर काढील असं नाही. लुडविनाची सासू सांगायची की हे फळ झाडावरून पडतं तेव्हा त्याच्या आतलं बाळ अजून पुरतं झालेलं नसतं, ते मातीत पडल्यावर पुरं होतं. कुणाला चार महिने लागतात, कुणाला वर्ष. लुडविना दररोज तांदळाचं धुवण पातेल्यावर शिंपडायची, वर नारळाचा काथ्या पसरून ठेवायची. शेजारणी विचारायच्या तेव्हा म्हणायची, “आलं ठेवलंय.” शेजारणी हसायच्या. त्याही बेटावरच्याच होत्या. आल्याला एवढं कोण जपतं, हे त्यांना कळत होतं.

दोन महिने गेले, तीन गेले. एकदा उंदरानं वाळू उकरून चार-पाच बिया पळवल्या. लुडविना दिवसभर उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. दुसऱ्या सकाळी पाहते तर पातेल्यावर जुन्या जाळ्याचा तुकडा घट्ट बांधलेला. कोळ्याची गाठ. तिनं ती ओळखली.

“जाळं कुणी बांधलं रे?”

“कुठलं जाळं?” ओटमार गळाला आमिष लावत म्हणाला.

मग पावसाळा ओसरला. एके दिवशी लुडविना धुवण घेऊन मागे गेली. पातेल्यात एका कडेला नारळाची अर्धी करवंटी पालथी घातलेली दिसली. तिनं ती उचलली. खाली वाळूतून एक कोंब वर आला होता, वाकलेला, तांबूस, अजून मान न उचललेला. त्याला ऊन लागू नये म्हणून कुणीतरी करवंटी घातली होती. तिच्या आधी कुणीतरी पाहिलं होतं आणि ते आपण सांगायचं नाही, तिचं तिला दिसू द्यायचं असं ठरवलं होतं.

ती पातेल्यापुढे उकिडवी बसली. बेट सोडलं तेव्हा जहाजावर सगळ्या बाया रडल्या होत्या, लुडविना रडली नव्हती. क्लाराला सांभाळायचं होतं, म्हाताऱ्या सासूला धरायचं होतं. सासू इथं आल्यावर पहिल्याच वर्षी तापानं गेली, तेव्हाही लोकांना जेवू घालण्यात तिचे दिवस गेले. आता त्या कोंबापुढे तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. तिनं थांबवलंही नाही.

घरात आली तेव्हा ओटमारनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाजलेलं केळं तिच्यापुढे सरकवलं.

वर्ष संपेपर्यंत सात रोपं आली. लुडविनानं दुकानातल्या डबाबंद माशांचे मोठे रिकामे पत्र्याचे डबे गोळा केले, तळाला भोकं पाडली, माती आणि सडलेला काथ्या भरला, आणि एकेक रोप डब्यात लावून केळींच्या सावलीत ओळ मांडली. रोपं हळूहळू वाढली, गुडघ्याएवढी, मग मांडीएवढी. शेंडे खुडले की बाजूनं नवी जोडी फुटायची. कधी शेंडे जमवून ती मूठभर पानांची भाजी करायची आणि वाटीभर शेजारी द्यायची. शेजारणी वाटी पुसून परत द्यायच्या. काहीच विचारायच्या नाहीत.

एकदा उन्हाळ्यात तिनं एक डबा सावलीत सरकवायला हात घातला. डबा जागचा हलला नाही. तिनं हात काढून घेतला आणि वेगळं काही काम आठवल्यासारखी घरात गेली. त्यानंतर तिनं एकाही डब्याला हात लावला नाही.

बोनिफास आला तो ओढ्यावरच्या नळाबद्दल बोलायला. म्हणजे त्यानं तसं सांगितलं. ओटमार समुद्रावर होता. लुडविनानं त्याला बसायला चटई घातली, शहाळं फोडून दिलं. नळाचं बोलून झालं, तरी तो उठेना. शहाळ्यातलं पाणी संपल्यावर म्हणाला, “लुडविनाबाई, मागं काय लावलंय?”

“भाजी आहे, भाऊ.”

“कसली?”

“डब्यातली भाजी. जमिनीत काही नाही.”

“बघू या का?”

ती पुढे झाली, तो मागून आला. डब्यांची ओळ त्यानं पाहिली. वाकला, पहिल्या डब्याला दोन्ही हातांनी धरलं आणि उचलला. डब्याचं गंजलेलं तोंड गोल निघून त्याच्या हातात आलं. रोप हललंही नाही. त्यानं दुसरा डबा धरला. त्याचीही तीच गत. गंजून पत्र्याची चाळण झाली होती आणि मुळं खाली, अरेमच्या जमिनीत, खोल गेली होती.

बोनिफासनं हातातलं कडं खाली ठेवलं, तळव्याला लागलेला गंज पँटला पुसला.

“मला ठाऊक नव्हतं,” लुडविना म्हणाली. आणि मग, “म्हणजे थोडं ठाऊक होतं.”

तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो दमलेला दिसला. “लुडविनाबाई, मी डोळे झाकतो. पण उद्या पलीकडचा नारळ लावेल आणि म्हणेल, तिची टुलिप चालते, माझा नारळ का नाही? मग आमच्या पोरांना मी काय सांगू? मागच्या वेळी झोपड्या जळाल्या त्या मी विझवल्या. पुढच्या वेळी ती पोरं माझं ऐकतील का, ते मला माहीत नाही.”

“खरं आहे तुमचं.”

“रविवारपर्यंत काढून टाका. मी कुणाला काही बोलणार नाही.”

“काढते,” लुडविना म्हणाली.

ओटमारला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी काढतो. तू ओढ्यावर जा.” ती म्हणाली, “नको. मी लावली, मीच काढीन.” पण शुक्रवार गेला आणि शनिवार उजाडला, तरी तिचा हात होईना. शेवटी तिनं टोपली घेतली आणि रोपांची झाडून सगळी पानं खुडली, मोठी, लहान, शेंड्याची. फेकायची तरी पानं कशाला फेकायची? नारळ खवला, दूध काढलं, धुरावलेला मासा मोडून घातला आणि भांडंभर टुलिप शिजवली. एक वाटी ओटमारला, शेजारी दोन वाट्या. एक वाटी केळीच्या पानात बांधून ती अरेमच्या रस्त्याला लागली. इतकी वर्षं जुडीवर वरच्या फांद्या घेत आलो, त्याचं काहीतरी द्यायला हवं, एवढंच तिच्या मनात होतं.

तेरेस अंगणात झाडूच्या काड्या तासत बसली होती. तिनं पान सोडलं, बोटानं भाजी उचलून तोंडात घातली. हिरड्यांनी दाबली. आणखी घेतली. पान रिकामं होईपर्यंत ती खात राहिली.

“हे पान इकडचं नव्हे,” मग ती म्हणाली.

“नाही. आमच्या अंगणातलं आहे. म्हणजे बेटावरच्या.” आणि लुडविनानं तिला सारं सांगितलं, फळांच्या झोळीपासून बोनिफासच्या हातातल्या कड्यापर्यंत. काही लपवलं नाही. “भाऊंचं चूक नाही,” असंही म्हणाली. “उद्या काढायचीत. म्हणून आज सगळी खुडली.”

तेरेसनं केळीचं पान चाटून त्याची घडी घातली. “मी विधवा होऊन इथं परत आले, तेव्हा दोन वर्षं मला एकही झाड लावू दिलं नव्हतं,” ती म्हणाली. “माझ्या बापाच्या जमिनीत. चुलते म्हणायचे, ही दिलेली मुलगी, हिचं इथं काय? त्या दोन वर्षांत मी या घरातून त्या घरात पानं मागत फिरले. बोनिफास मोठा झाला तेव्हा त्यानं मला पहिला खड्डा खणून दिला.” मग तिनं झाडूच्या काड्या पुन्हा हातात घेतल्या. “जा तू. उद्या माझी वाट बघ. प्रार्थना झाल्यावर येते.”

रविवारी प्रार्थना आटोपून लोक घरी आले, तोच अरेमच्या वाटेनं तेरेस काठी टेकत येताना दिसली. मागून बोनिफास, खांद्यावर कुदळ आणि चेहरा असा की तो स्वतःहून आलेला नाही हे कुणालाही कळावं. बेटावरचे लोक झोपड्यांतून बाहेर आले. वाटेवरून जाणारे अरेमचे दोघे-चौघेही थांबले. तेरेसनं रोपं पाहिली. पानं ओरबाडलेली, नुसत्या हिरव्या काठ्या.

“केसबीस कापून तयारच ठेवलीत,” ती म्हणाली. “बोनिफास, बागेच्या कडेला, आपल्या वाटेजवळ खण. सात खड्डे. खोल.”

“ताई, हे मी घरीच म्हटलं, हा नुसता खेळ आहे.”

“खेळ वाटतो तर खेळ. खण.”

बोनिफास खणू लागला. ओटमार सुरी घेऊन पुढे झाला. त्यानं डब्यांचा गंजका पत्रा कापून काढला आणि मातीच्या गोळ्यासकट एकेक रोप सुटं केलं. जितकं मूळ वाचवता आलं तितकं वाचवलं. तुटलं की तो दातांवर दात दाबायचा. लुडविना पुढे होऊन रोप उचलू लागली, तर तेरेसनं काठी आडवी धरली.

“तू हात लावू नकोस. बाजूला उभी राहा.”

मग ती म्हातारी कुरकुरत्या गुडघ्यांनी जमिनीवर बसली. ओटमारनं दिलेलं रोप तिनं आपल्या हातानं खड्ड्यात धरलं, आपल्या हातानं माती लोटली, आपल्या हातानं दाबली. दुसरं. तिसरं. सरकत सरकत सातही लावली. सगळे बघत होते. शेवटी मातीनं भरलेले हात मांडीवर ठेवून तिनं भावाला विचारलं, “कुणी लावली?”

बोनिफास कुदळीची माती झाडू लागला.

“बोनिफास, तू इथंच उभा होतास. कुणी लावली?”

“तू.”

“झाडं कुणाची?”

“तुझी, ताई.”

“मग त्यांची पानं कुणी खुडायची ते मी सांगेन. ही खुडेल. मी असेपर्यंत, आणि मी नसले तरी. तुमच्यापैकी ज्याला हरकत आहे त्यानं आत्ता बोलावं. नंतर माझ्यापर्यंत कुरकुर येता कामा नये.”

अरेमचे जे उभे होते ते एकमेकांकडे बघून हसले. बोनिफासनं कुदळीवर रेलून मोठा श्वास सोडला. घराण्याच्या जमिनीत घराण्याच्या बाईनं झाड लावलं होतं. त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. तो ओटमारकडे वळला. “शहाळं आहे का?”

शहाळी आली, सुपारी आली, लोक पांगले.

त्या संध्याकाळी मात्र लुडविनाचा जीव थाऱ्यावर नव्हता. ओटमारनं विचारलं, “आता काय झालं? झाडं राहिली ना?”

“राहिली. पण तुझ्या आईची झाडं आता तिची झाली.”

“पान तेच आहे.”

“पान तेच आहे. पण क्लाराची पोरं येतील तेव्हा त्यांना काय सांगू? ही अरेमच्या तेरेसची झाडं?”

ओटमार तिच्याजवळ सरकला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

सातांतली तीन रोपं पहिल्या महिन्यातच वाळली. चार जगली. तेरेस दर दोन दिवसांनी काठी टेकत यायची, वाटेवरूनच हाक मारायची, “माझ्या झाडांना पाणी घातलं का गं?”

पहिल्यांदा लुडविना हसून हो म्हणाली. दुसऱ्यांदा नुसती हो म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्या तोंडून निघून गेलं, “तुमची झाडं, तुम्ही घाला पाणी.”

बोलल्यावर तिलाच धसका बसला. तेरेस वाटेवर थांबली. मग हळूहळू जवळ येऊन ओट्यावर बसली. “ते मी मोठ्यानं विचारते,” ती म्हणाली, “कारण वाटेवरून माणसं जातात. त्यांच्या कानावर पडलं पाहिजे. पडून पडून मुरलं पाहिजे. तू माझ्यावर चिडतेस?”

लुडविना मान खाली घालून बसली.

“माणसांसमोर माझी,” तेरेस म्हणाली. “आपल्या दोघींत ती कुणाची आहेत ते मला विचारू नकोस, मला माहीत आहे. आता पाणी घाल. ते कडेचं कोमेजलंय.”

लुडविनानं पाणी घातलं. पुढच्या खेपेला तेरेसनं वाटेवरून हाक मारली, तेव्हा तिनं आतूनच तेवढ्याच मोठ्यानं उत्तर दिलं, “घातलं हो, तेरेसताई, तुमच्या झाडांना,” आणि अरेमच्या बाजारातून परतणाऱ्या दोन बाया ते ऐकत पुढे गेल्या.

झाडं वाढली. टुलिपमध्ये नर वेगळा, मादी वेगळी, आणि फळ येईपर्यंत ते कळत नाही. चारांतल्या दोघींना फळं आली. अरेमच्या सुनांनी बाजारात तेरेसच्या जुड्यांतल्या त्या मऊ पानांची चव घेतली होती. त्या तेरेसकडे बिया मागू लागल्या. तेरेस त्यांना म्हणायची, “बिया घ्या, पण कसं करायचं ते मला नाही येत. तिला विचारा.” मग सुना लुडविनाकडे येऊन बसायच्या. ती त्यांना दगडावर बी किती घासायची ते दाखवायची. जास्त घासली तर हातावर चापट मारायची. “आणि रोज उकरून बघू नका,” असं बजावायची. पुढच्या वर्षी एकीनं येऊन सांगितलं की कोंब आलाय, आणि लुडविना हातातलं काम टाकून अरेमच्या तिच्या घरी तो बघायला गेली.

डोंगर अधूनमधून धुमसतच राहिला. बेटावरची काही कुटुंबं सिवालला परत गेली, काही जाऊन पुन्हा आली, काही इथंच राहिली. ओटमार वर्षातले काही महिने सिवालला मासेमारी करतो आणि येताना चुलीजवळच्या झाडाची खबर आणतो. ते अजून आहे. लुडविना एकदा त्याच्याबरोबर जाऊन आली. पण होडीत तिचे गुडघे आखडतात, आणि इथं तेरेसला आता कमी दिसतं. रोज दुपारी तिच्यासाठी कुणीतरी पानं बारीक चिरायला हवीत.

परवाच दोघी झाडाखाली चटई टाकून बसल्या होत्या. लुडविना शेंडे खुडत होती, तेरेस बोटांनी चाचपून पानं देठापासून सोडवत होती. तेरेसनं विचारलं, “तुमचं घर कुठे होतं गं, उतारावर की खाली?”

इतक्या वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. लुडविना सांगू लागली. समुद्रापासून चढ, चढावर वळण, वळणावर घर. चुलीच्या झोपडीतून होड्या दिसायच्या. मासे आले की आधी तिला कळायचं.

“आणि तुझी सासू? तिनंच लावली होती ना? कशी होती?”

लुडविनानं जरा विचार केला. “खडूस,” ती म्हणाली. “पण हात चांगला होता. मला शिव्या देत देत सगळं शिकवलं.”

“म्हणजे मी ओळखलं तिला,” तेरेस म्हणाली. “तुझं पान खाल्लं त्या दिवशीच मला वाटलं होतं, ही कुणा खडूस बाईच्या हाताखालून गेलेली आहे.”

लुडविना हसली. तिनं चटईवरचे शेंडे गोळा करून तेरेसच्या मांडीवर घातले. तेरेस एकेक पान बोटांनी शोधत राहिली. लुडविना नारळ खवायला उठली.